ह्यूस्टनची पूर्व आणि पश्चिम : तेलाच्या घसरणीतील एका महानगराचा प्रकरण अभ्यास, २०१४–२०१७

जून २०१४ मध्ये डब्ल्यूटीआय या अमेरिकी कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १०७ डॉलरच्या आसपास होता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी तो २६ डॉलरवर येऊन टेकला. वीस महिन्यांत तीन चतुर्थांश किंमत गेली. लोकसंख्येने अमेरिकेतील चौथे असलेले आणि जगभरच्या तेलखोदाईच्या व्यवसायाचे मुख्य ठाणे असलेले ह्यूस्टन या घसरणीत कोलमडणार, असे मानायला सबळ कारण होते, कारण १९८० च्या दशकात ते एकदा कोलमडले होते आणि तो काळ पाहिलेली माणसे अजून बँकांत, बांधकाम कंपन्यांत आणि महापालिकेत कामावर होती. प्रत्यक्षात मात्र २०१४ मध्ये एक लाखाहून अधिक नव्या नोकऱ्या देणारे हे महानगर पुढची दोन वर्षे जागच्या जागी थबकले, पण कोसळले नाही.

याचे सर्वांच्या तोंडी असलेले स्पष्टीकरण असे, की शहराने १९८० च्या दशकापासून धडा घेऊन आपली अर्थव्यवस्था बहुरंगी केली. रुग्णालये, बंदर, विमानतळ, विद्यापीठे आणि अवकाश संशोधन केंद्र यांनी तेलाची जागा भरून काढली. हे स्पष्टीकरण शहराच्या अभिमानाला साजेसे आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण ते पुरेसे नाही. या दोन वर्षांचा हिशेब नीट मांडला तर असे दिसते, की शहराला तारणाऱ्या गोष्टींपैकी सर्वांत मोठी गोष्ट हायड्रोकार्बनच्याच, म्हणजे तेल आणि वायूच्याच, धंद्याची दुसरी बाजू होती, ती त्याच वेळी भरात असणे हा बऱ्याच अंशी योगायोग होता, आणि या खेपेला भावाच्या भरवशावर काढलेले कर्ज शहराच्या स्वतःच्या बँकांच्या डोक्यावर नव्हते.

शहर काय विकते

ह्यूस्टन तेल विकते ही समजूत मुळातच ढोबळ आहे. पर्मियन खोरे हे तेलक्षेत्र शहरापासून शेकडो मैल पश्चिमेला आहे, ईगल फोर्ड हे दुसरे दक्षिण टेक्सासमध्ये आहे आणि मेक्सिकोच्या आखातातील फलाट किनाऱ्यापासून दूर समुद्रात आहेत. ह्यूस्टन विकते ती खोदकामाची विद्या आणि सामग्री. भूगर्भशास्त्रज्ञांचे अर्थ लावणे, विहिरीचा आराखडा, खोदाईचे पाते, झडपा, विहिरीच्या तोंडावर बसवायची अवजड सुरक्षायंत्रणा, सिमेंट भरण्याची आणि खडक फोडण्याची सेवा, शिवाय या सगळ्यामागचे वकील, हिशेबनीस आणि बँकर, हा शहराचा खरा माल आहे. त्यामुळे शहराचे उत्पन्न तेलाच्या उत्पादनावर थेट अवलंबून नसते. ते जगभरच्या कंपन्या पुढील वर्षासाठी खोदकामाला किती रक्कम राखून ठेवतात यावर ठरते.

हा भेद लक्षात घेतला नाही तर त्या काळातील आकडे गोंधळात पाडतात. ऑक्टोबर २०१४ पासून भाव कोसळत असतानाही अमेरिकेचे तेल उत्पादन एप्रिल २०१५ पर्यंत वाढतच होते आणि दिवसाला ९६ लाख पिंपांच्या घरात पोहोचले होते. आधी खोदून ठेवलेल्या विहिरी चालू होत होत्या आणि कर्जदार कंपन्यांना हप्ते भरण्यासाठी पिंपे विकणे भागच होते. बेकर ह्यूजेस कंपनी दर आठवड्याला प्रसिद्ध करते ती चालू रिगांची, म्हणजे विहिरी खोदणाऱ्या यंत्रमनोऱ्यांची, संख्या मात्र २०१४ च्या शरद ऋतूत १,९०० च्या वर होती, ती मे २०१६ मध्ये ४०४ वर आली. त्या मोजणीच्या इतिहासातील तोवरचा हा नीचांक होता. ह्यूस्टनची नाडी पाहायची तर भावापेक्षा आणि उत्पादनापेक्षा या आकड्यावर बोट ठेवावे लागते.

घसरणीची कारणे शहराच्या हाताबाहेरची होती. फटीकरणाच्या, म्हणजे दाबाने खडक फोडून तेल काढण्याच्या, तंत्राने अमेरिकेच्या शेल या घट्ट खडकातून निघणारे तेल काही वर्षांतच जागतिक बाजाराला जड जाईल एवढे झाले होते, चीनची मागणी मंदावत होती, डॉलर वधारत होता, आणि २७ नोव्हेंबर २०१४ रोजी व्हिएन्ना येथील बैठकीत ओपेकने, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने, उत्पादन न घटवण्याचा निर्णय घेतला. सौदी अरेबियाने बाजारातला आपला हिस्सा राखण्यासाठी भाव पडू दिला, असा त्याचा अर्थ सगळ्यांनी लावला, आणि तो बरोबर होता.

पश्चिमेकडची पडझड

शहराच्या पश्चिमेला, केटी फ्रीवेच्या दोन्ही अंगांना, एनर्जी कॉरिडॉर नावाचा पट्टा आहे. बीपी, कोनोकोफिलिप्स, शेल अशा कंपन्यांची कार्यालये येथे आहेत. घसरणीचा पहिला फटका येथे बसला. ओपेकच्या बैठकीनंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०१५ मध्ये, तेलसेवा पुरवणाऱ्या कंपन्यांपैकी श्लुम्बर्जेने जगभरातील ९,००० आणि बेकर ह्यूजेसने ७,००० नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. हॅलिबर्टनने नोव्हेंबर २०१४ मध्ये बेकर ह्यूजेसला ३४.६ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार केला होता. दोन्ही कंपन्या सव्वा वर्षाहून अधिक काळ विलीनीकरणाच्या तयारीत आणि नोकरकपातीत एकाच वेळी गुंतून राहिल्या, अमेरिकी न्याय विभागाने मक्तेदारीच्या मुद्द्यावर आव्हान दिले, आणि मे २०१६ मध्ये करार मोडून हॅलिबर्टनला ३.५ अब्ज डॉलरची भरपाई द्यावी लागली.

ही कपात एका दमात झाली नाही, आणि हा तपशील महत्त्वाचा आहे. जुलै २००८ मध्ये १४५ डॉलरवर गेलेला भाव त्याच डिसेंबरात तिशीच्या आसपास आला होता आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा सत्तरीकडे सरकला होता. व्यवस्थापकांच्या मनात तोच नमुना घर करून होता. २०१५ च्या मे-जूनमध्ये भाव ६० डॉलरवर आला तेव्हा अनेक कंपन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, अनुभवी माणसे हातची जाऊ नयेत म्हणून त्यांना धरून ठेवले, आणि मग वर्षाच्या उत्तरार्धात भाव पुन्हा घसरू लागल्यावर दुसरी, अधिक खोल फेरी केली. पहिल्या फेरीत बहुधा कंत्राटी कामगार आणि रिगवरची माणसे गेली होती. दुसऱ्या फेरीत अभियंते, भूशास्त्रज्ञ आणि मधल्या फळीचे व्यवस्थापक गेले, म्हणजे ज्यांच्या पगारावर पश्चिमेकडची घरे, खासगी शाळा आणि उपाहारगृहे चालत होती ती मंडळी.

या दोन फेऱ्यांमधल्या फरकामागे आणखी एक यंत्रणा होती. मध्यम आकाराच्या तेल कंपन्यांना बँका जमिनीखालच्या साठ्याच्या तारणावर कर्ज देतात, आणि त्या साठ्याची किंमत वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, बँकेच्या अंदाजित भावाने नव्याने ठरवली जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये बहुतेक कंपन्यांनी आधीच्या चढ्या भावाने विक्रीचे वायदे करून ठेवलेले होते, म्हणून बँकांनी सबुरीने घेतले. वर्षभरात ते वायदे संपत गेले, अंदाजित भाव खाली आला, आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच कंपनीला तोच साठा दाखवून पूर्वीपेक्षा बरीच कमी रक्कम मिळू लागली. खर्च कापून भागत नव्हते त्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ह्यूस्टनची लिन एनर्जी मे २०१६ मध्ये त्यांपैकी एक ठरली.

मोठ्या कंपन्यांच्या बातम्या होतात, लहान कारखान्यांच्या होत नाहीत. शहराच्या वायव्येला, विशेषतः महामार्ग २९० च्या आसपास, पाइपांना आटे पाडणारी, झडपांचे भाग तासणारी आणि खोदाईची अवजारे दुरुस्त करणारी शेकडो यंत्रशाळा आहेत. तेल कंपन्यांनी सेवा पुरवठादारांकडे वीस-तीस टक्के सूट मागितली, पुरवठादारांनी तीच मागणी खाली यंत्रशाळांकडे ढकलली, आणि यंत्रशाळेच्या मालकाच्या खाली ढकलायला कोणीच नव्हते. वधारलेल्या डॉलरमुळे परदेशी गिऱ्हाइकांना ही अवजारे महागही पडू लागली होती. उत्पादन क्षेत्रातील ह्यूस्टनची रोजगारघट प्रामुख्याने या धातुकाम आणि यंत्रसामग्रीच्या दोन शाखांत झाली.

कार्यालयांच्या बाजारात घसरण वेगळ्या रूपाने दिसली. तेजीच्या शेवटच्या वर्षांत कंपन्यांनी पुढच्या दहा-पंधरा वर्षांच्या भरतीचा अंदाज बांधून जागा भाड्याने घेऊन ठेवल्या होत्या. माणसे गेल्यावर मजले रिकामे झाले, पण करार संपलेले नव्हते. म्हणून कंपन्यांनी त्या जागा पोटभाड्याने काढल्या. कोनोकोफिलिप्सने आपल्यासाठी बांधून होत असलेली एनर्जी सेंटर फोर ही इमारत पाऊल न ठेवताच बाजारात आणली. २०१६ पर्यंत पोटभाड्याला काढलेली जागा एक कोटी चौरस फुटांच्या वर गेली होती. मूळ भाडेकरू महिन्याच्या महिन्याला मालकाला भाडे भरत असल्याने कागदोपत्री इमारत भरलेली आणि मालक सुखी. प्रत्यक्षात मात्र टेबले, खुर्च्या, सभागृहातील पडद्यांसकट सजवलेले मजले निम्म्या भावात मिळत होते, आणि ज्याच्याकडे नुसत्या रिकाम्या भिंती होत्या त्या मालकाकडे कोणी फिरकत नव्हते. या पद्धतीने नुकसान नाहीसे झाले नाही, ते फक्त करार संपण्याच्या तारखेपर्यंत पुढे ढकलले गेले. शेव्हरॉनने २०१३ मध्ये शहराच्या मध्यभागी पन्नास मजली मनोरा बांधण्याचे जाहीर केले होते; तो कागदावरच राहिला, आणि मागे वळून पाहता तो न बांधणे हा त्या काळातील शहाणपणाच्या निर्णयांपैकी एक म्हणायला हवा.

पडझडीचे सर्वांत सोपे मोजमाप मात्र दरवर्षी मे महिन्यात एनआरजी पार्कमध्ये भरणाऱ्या सागरी तंत्रज्ञान परिषदेत, म्हणजे ओटीसीत, मिळत असे. २०१४ मध्ये तेथे १,०८,३०० लोक आले होते, २०१५ मध्ये सुमारे ९४,७०० आणि २०१६ मध्ये ६८,०००. ज्यांच्या प्रवासखर्चाला कंपनी मंजुरी देत नाही त्यांची संख्या यातून दिसते. आणि हॉटेले, टॅक्सीवाले, जेवणावळीचे ठेकेदार हे सगळे त्याच संख्येवर जगत होते.

पूर्वेकडची धामधूम

याच महिन्यांत शहराच्या दुसऱ्या टोकाला वेल्डर मिळत नव्हते. १९१४ मध्ये खुल्या झालेल्या शिप चॅनेलच्या काठाने पॅसाडिना, डियर पार्क, ला पोर्ट आणि बेटाउन येथे तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने आहेत. शेल खडकातून तेलाबरोबर नैसर्गिक वायू आणि त्यातला इथेन इतका निघू लागला होता की त्याचा भाव मातीमोल झाला होता, आणि इथेनपासून प्लास्टिकचा कच्चा माल असलेले इथिलीन बनवणे हा जगातील फायद्याच्या धंद्यांपैकी एक झाला होता. आशिया आणि युरोपातील प्रतिस्पर्धी तेच इथिलीन तेलापासून मिळणाऱ्या नाफ्थ्यातून बनवत असल्याने, तेल शंभरीत असताना टेक्सासच्या कारखानदाराला मिळणारी तफावत डोळे दिपवणारी होती.

त्या तफावतीच्या जोरावर २०१४ पर्यंत मोठ्या गुंतवणुकींचे निर्णय होऊन गेले होते. एक्सॉनमोबिल आणि शेव्हरॉन फिलिप्स केमिकल यांनी बेटाउन परिसरात वर्षाला प्रत्येकी १५ लाख टन इथिलीन बनवणाऱ्या प्रकल्पांचे काम त्याच वर्षी सुरू केले. महानगराच्याच हद्दीतील फ्रीपोर्ट येथे डाऊचा प्रकल्प आणि वायू द्रवरूप करून निर्यात करण्याचा प्रकल्पही उभा राहत होता. असे काम एकदा जमिनीतून वर आले की भाव पडला म्हणून कोणी ते थांबवत नाही, कारण अर्धवट कारखान्याची किंमत भंगाराइतकीच. घसरणीची दोन्ही वर्षे ही बांधकामे ऐन भरात होती. बेटाउनमधील दोन्ही प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाले.

जोडीला तेलशुद्धीकरण कारखाने होतेच. त्यांच्यासाठी कच्चे तेल हा विक्रीचा माल नसून खरेदीचा खर्च आहे, आणि पेट्रोलचा भाव कच्च्या तेलाइतक्या झपाट्याने खाली येत नाही तोवर मधला नफा त्यांचा. एक्सॉनमोबिलसारख्या विहीर आणि शुद्धीकरण दोन्ही असलेल्या कंपन्यांच्या ताळेबंदात एका खात्यातील तोटा दुसऱ्या खात्याने काही प्रमाणात भरून काढलेला दिसतो, आणि शहराच्या ताळेबंदातही नेमके तेच घडले.

म्हणून ‘बहुरंगी अर्थव्यवस्था’ हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. इथेनची स्वस्ताई आणि तेलाची स्वस्ताई या एकाच शेलक्रांतीच्या दोन शाखा आहेत. एकीने पश्चिम बुडवली आणि दुसरीने पूर्व तारली. जमाखर्चाच्या वेळापत्रकानेही साथ दिली. हीच घसरण तीन वर्षे आधी आली असती तर बेटाउनमध्ये खणलेले खड्डेही नसते, आणि तीन वर्षे उशिरा आली असती तर कारखाने बांधून झालेले असते आणि बांधणारे हजारो कामगार घरी परतलेले असते, कारण असा कारखाना बांधायला हजारो माणसे लागतात आणि चालवायला काहीशे पुरतात.

यात आणखी एक अडचण आहे, जी सरासरीच्या आड लपते. पश्चिमेला नोकरी गेलेला भूशास्त्रज्ञ पूर्वेला पाइपफिटर होऊ शकत नव्हता. दोन्ही टोकांत अंतर तासाभराचे होते, पण एका बाजूची गेलेली नोकरी आणि दुसऱ्या बाजूची आलेली नोकरी यांत पगार, शिक्षण, विमा आणि टिकाऊपणा यांचे अंतर मोठे होते. बेरीज-वजाबाकीत दोन्ही एकेक म्हणून मोजल्या जातात.

रुग्णालयांचे काय, असा प्रश्न येथे येतो, आणि टेक्सास मेडिकल सेंटरसारखे लाखभर माणसांना काम देणारे संकुल असताना तो रास्त आहे. येथे बाहेरून पैसा आणणारे उद्योग आणि गावातच पैसा फिरवणारे उद्योग असा भेद करावा लागतो. परराज्यांतून आणि परदेशांतून येणाऱ्या रुग्णांमुळे मेडिकल सेंटरचा एक भाग पहिल्या प्रकारात बसतो. परंतु उपनगरांतील दवाखाने, शाळा, दुकाने आणि उपाहारगृहे यांतील नोकऱ्या, ज्या २०१५ मध्येही वाढत राहिल्या, त्या मुख्यतः आधीच्या पाच वर्षांत येऊन वसलेल्या लोकसंख्येच्या मागोमाग आल्या होत्या. माणूस आधी येतो, शाळा नंतर बांधली जाते. ही मागून येणारी वाढ शहराला दीडेक वर्ष पुरली. शिवाय उर्वरित अमेरिकेची अर्थव्यवस्था निरोगी होती, २०१५ मध्ये देशभरात सुमारे २७ लाख नोकऱ्यांची भर पडली, व्याजदर नगण्य होते आणि पेट्रोल स्वस्त होते. ह्यूस्टनमधील बेरोजगारी चार टक्क्यांवरून सहाच्या दिशेने सरकत असताना देशाची मात्र पाचच्या खाली उतरत होती.

१९८० च्या दशकात काय वेगळे होते

मार्च १९८२ ते जानेवारी १९८७ या काळात ह्यूस्टनने सव्वादोन लाखांच्या आसपास नोकऱ्या गमावल्या, म्हणजे दर सात-आठ नोकऱ्यांमागे एक. देशातील रिगांची संख्या डिसेंबर १९८१ मधील ४,५३० वरून जुलै १९८६ मध्ये ६६३ पर्यंत घसरली होती. टक्केवारीने पाहिले तर २०१४–१६ ची घसरण याहून फारशी सौम्य नव्हती. मग शहराची अवस्था इतकी वेगळी का झाली, याचे उत्तर तेलापेक्षा इमारतींत सापडते.

१९८१ च्या करकायद्याने स्थावर मालमत्तेवरील घसाऱ्याची सवलत इतकी उदार केली होती की भाडेकरू नसलेली इमारतही गुंतवणूकदाराला कर वाचवून देत असे. १९८२ मध्ये बचत-कर्ज संस्थांना हवी तशी कर्जे देण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे तेलाचा भाव वळल्यानंतरही बांधकाम थांबले नाही. टेक्सास कॉमर्स बँकेचा ७५ मजली मनोरा १९८२ मध्ये आणि अलाइड बँकेचा ७१ मजली मनोरा १९८३ मध्ये पुरा झाला. रिगांची संख्या तोवर निम्म्याच्या खाली गेली होती. त्यातच मेक्सिकोच्या पेसोचे अवमूल्यन झाल्याने सीमेपलीकडून खरेदीला येणारा ग्राहकही गेला. आरपार दिसणाऱ्या इमारती असे ज्यांना गावकरी म्हणू लागले, त्या याच काळातल्या: एका बाजूच्या काचेतून पाहिले तर मध्ये माणूस नाही, भिंत नाही, थेट पलीकडचे आकाश. घरांच्या कर्जाची थकबाकी घराच्या किमतीहून मोठी झाल्यावर लोक किल्ल्या पाकिटात घालून कर्ज देणाऱ्या संस्थेला टपालाने पाठवू लागले. १९८६ च्या करसुधारणेने मग ती सवलतही काढून घेतली, आणि त्याच वर्षी तेल दहा डॉलरपर्यंत उतरले.

या सगळ्या कर्जामागे टेक्सासच्याच बँका होत्या. परराज्यांतील बँकांना तेव्हा राज्यात शिरकाव नव्हता आणि टेक्सासच्या बँकांचे सगळे गिऱ्हाईक टेक्सासमध्येच होते. तेल कंपनीचे कर्ज, तिने भाड्याने घेतलेल्या इमारतीचे कर्ज आणि तिच्या कर्मचाऱ्याच्या घराचे कर्ज अशी तिन्ही एकाच बँकेच्या वहीत असत, आणि तिन्ही एकाच वेळी बुडत. राज्यातील दहा सर्वांत मोठ्या बँकांपैकी नऊ बुडाल्या, सरकारी मदतीवर गेल्या किंवा परक्यांच्या हाती गेल्या. टेक्सास कॉमर्स १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या केमिकल बँकेने घेतली, अलाइड १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या फर्स्ट इंटरस्टेटने. मनोरे उभे राहिले, त्यांच्यावरची नावे गेली. बँका बुडाल्यावर तेलाशी काहीही संबंध नसलेल्या दुकानदारालाही कर्ज मिळेनासे झाले, आणि तेथून पुढे ही मंदी तेलक्षेत्राची न राहता शहराची झाली.

२०१५ मध्ये तोटा झाला नाही असे नाही. तो वाटला गेला. शेल खडकातून तेल काढणाऱ्या कंपन्यांना पैसा पुरवणारे बरेचसे लोक चढ्या व्याजाच्या रोख्यांचे धारक आणि खासगी भांडवल निधी होते, आणि ते देशभर व देशाबाहेर पसरलेले होते. मोठ्या राष्ट्रीय बँकांच्या एकूण कर्जांत तेलक्षेत्राचा वाटा एकेरी टक्क्यांत होता. घरांचा बाजार घसरणीच्या तोंडाशी मालाच्या टंचाईत होता, त्यामुळे विक्री थोडी मंदावूनही मधल्या किमती टिकून राहिल्या. चैनीच्या सदनिकांच्या बाबतीत मात्र जुनी चूक पुन्हा झालीच: तेजीत मंजूर झालेल्या हजारो सदनिका २०१५ आणि २०१६ मध्ये बाजारात आल्या आणि मालक दोन-दोन महिन्यांचे भाडे माफ करून भाडेकरू ओढू लागले. फरक एवढाच, की ते नुकसान बाहेरच्या निवृत्तिवेतन निधींच्या आणि गुंतवणूकदारांच्या खात्यात गेले, गावच्या बँकेच्या नाही.

चुकीचे मीटर

शहराचे पुढारी या काळात ज्या आकड्यांवर विसंबून होते ते आकडेच सदोष होते. महिन्याच्या महिन्याला जाहीर होणारी रोजगारसंख्या निवडक आस्थापनांच्या पाहणीवरून काढली जाते. बेरोजगारी विम्याच्या करविवरणांवरून, म्हणजे जवळजवळ सर्व मालकांच्या नोंदींवरून, ती पुढच्या मार्चमध्ये दुरुस्त होते. वळणाच्या काळात नमुन्याचा अंदाज हमखास चुकतो, कारण बंद पडलेली यंत्रशाळा पाहणीच्या पत्राला उत्तर देत नाही. २०१५ सालाची वाढ आरंभी बऱ्यापैकी दिसत होती. दुरुस्त्यांनंतर ती शून्याच्या आसपास उरली.

नोकरकपातीच्या सूचनांची यादीही असेच अर्धे चित्र दाखवत होती. संघीय कायद्यानुसार शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने एका ठिकाणचे पन्नास वा अधिक लोक कमी करण्यापूर्वी ६० दिवसांची सूचना द्यावी लागते, आणि टेक्सासमध्ये राज्याचा कामगार आयोग ती प्रसिद्ध करतो. कंत्राटदार, सल्लागार आणि लहान कारखाने या यादीत येतच नाहीत. तसेच परदेशी अभियंत्यांचा प्रश्न कोणत्याही यादीत नव्हता. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की त्याला देशात राहण्यासाठी १७ जानेवारी २०१७ पूर्वी कोणतीही ठरावीक मुदत नव्हती. ६० दिवसांची सवलत त्या तारखेला लागू झाली, तोवर घसरणीचा तळ येऊन गेला होता. जो माणूस मुलांच्या शाळेचे वर्ष संपण्याआधीच देश सोडून गेला तो ह्यूस्टनच्या बेरोजगारांत मोजला गेला नाही. बेरोजगारीचा दर सहाच्या आसपास थांबला, याचे काही श्रेय या न मोजलेल्या प्रस्थानाला आहे असे मला वाटते.

महापालिकेची कात्री

टेक्सासमध्ये राज्याचा किंवा शहराचा आयकर नाही. ह्यूस्टनच्या सर्वसाधारण निधीचे दोन मोठे आधार म्हणजे मालमत्ता कर आणि विक्री करातील शहराचा वाटा, म्हणजे विक्रीमूल्याचा एक टक्का. विक्री कर लगेच घसरला. मालमत्ता कराची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. २००४ मध्ये मतदारांनी या कराच्या उत्पन्नाची वाढ लोकसंख्या आणि महागाई यांच्या दराला बांधून टाकली होती. तेजीमुळे मूल्यांकने इतकी फुगली की ही मर्यादा पहिल्यांदा २०१४ मध्येच आड आली आणि शहराला कराचा दर उतरवावा लागला. १०० डॉलर मूल्यामागे ६३.८७५ सेंट असलेला दर २०१६ पर्यंत ५८.६४२ सेंटवर आला होता. म्हणजे सुगीत साठवण करायला कायद्याने मनाई, आणि दुष्काळ दारात उभा.

जानेवारी २०१६ मध्ये महापौर झालेल्या सिल्व्हेस्टर टर्नर यांच्यासमोर पहिल्याच अंदाजपत्रकात १६ कोटी डॉलरची तूट होती. मार्चमध्ये मूडीजने शहराचे पतमानांकन एक पायरी उतरवून एए३ केले. या पायरीचा दोष सर्वस्वी तेलाला देणे सोयीचे होते, पण मुख्य ओझे वेगळेच होते: २००१ मध्ये वाढवलेल्या निवृत्तिवेतनाच्या आश्वासनांतून साचलेली, आठ अब्ज डॉलरच्या घरातील तरतूद नसलेली देणी. तेजी टिकली असती तर हा प्रश्न आणखी काही वर्षे झाकून राहिला असता. टंचाईने पोलीस, अग्निशमन आणि नागरी कर्मचारी अशा तिन्ही निधींच्या मंडळींना चर्चेला बसवले, २०१७ मध्ये विधिमंडळाने सुधारणा मंजूर केली, आणि त्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी निधींत भरण्यासाठी एक अब्ज डॉलरचे रोखे काढण्यास संमती दिली. अग्निशमन दलाच्या निधीने कायदा झाल्यावरही न्यायालयीन विरोध चालूच ठेवला, एवढे नोंदवले पाहिजे. तरी या दोन वर्षांत शहराच्या कारभाऱ्यांनी स्वतःच्या हिमतीवर केलेले ठोस काम कोणते, असे विचारले तर मी याकडेच बोट दाखवीन. बाकी बरेचसे शहराच्या वाट्याला आपसूक आले होते.

परतलेले तेल

डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कच्च्या तेलाच्या निर्यातीवरील चाळीस वर्षांची बंदी उठवली. ३० नोव्हेंबर २०१६ रोजी ओपेकने उत्पादनकपात मान्य केली, त्याआधीच उन्हाळ्यापासून पर्मियन खोऱ्यात रिग पुन्हा उभे राहू लागले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे वादळाने शहर बुडवले. ॲडिक्स आणि बार्कर जलाशयांच्या पाण्याखाली एनर्जी कॉरिडॉरचाही काही भाग गेला, आणि दुरुस्तीच्या कामांनी त्यापुढचे रोजगाराचे आकडे इतके मिसळून टाकले की तेलाच्या सावरण्याचा हिस्सा वेगळा काढणे अवघड झाले. म्हणून हे प्रकरण येथवरच ताणता येते.

सावरणे मात्र पूर्वीच्या रूपात झाले नाही. पडत्या काळात कंपन्यांनी एका फलाटावरून अनेक विहिरी खोदणे, आडव्या विहिरी लांबवणे आणि कमी दिवसांत खोदकाम उरकणे शिकून घेतले होते, त्यामुळे त्याच उत्पादनाला पूर्वीहून कमी रिग पुरू लागले. २०१८ मध्ये अमेरिकेचे तेल उत्पादन १९७० चा विक्रम मोडून पुढे गेले. २०१४ च्या शिखरावर असलेले ह्यूस्टनमधील खोदकाम आणि तेलसेवांचे रोजगार तेव्हा परतलेले नव्हते, आणि त्यानंतरही परतले नाहीत. बँका आणि भागधारक आता खोदकामापेक्षा लाभांशाची मागणी करू लागले होते. पोटभाड्याच्या करारांची मुदत एकेक करून संपत गेली तशा त्या जागा मूळ मालकांच्या हाती रिकाम्या परतल्या, आणि देशात विक्रमी तेल निघत असताना ह्यूस्टनच्या कार्यालयांतील सुमारे पाचवा हिस्सा भाडेकरूविना होता. एप्रिल २०२० मध्ये तेलाचा वायदा शून्याच्याही खाली गेला तेव्हा शहराच्या पश्चिमेला काढून टाकण्याजोगी माणसे २०१४ पेक्षा कमीच उरली होती, आणि पूर्वेला बांधकामाच्या पहिल्या लाटेतले बहुतेक सांगाडे कारखाने होऊन गेलेले होते.